सगळ्यात जड लॅपटॉप

मुलांनो, स्वतःला लहानग्या वेणूच्या जागी उभं करून बघा. लॅपटॉपच्या दुकानात तिने आईची ओढणी घट्ट धरली होती.

आईला गावोगाव फिरून विहिरींचं पाणी तपासायची नोकरी लागली होती. "पिशवीत मावेल असा, हलका आणि स्वस्त दाखवा," आई म्हणाली. ते ऐकून वेणूला कळलं: हलका म्हणजे आई दूर जाणार!

तिने सगळ्यात जड लॅपटॉप पुढे ढकलला. "हाच घे."

"अगं, हा धोंडा घेऊन आई फिरणार कशी?" दुकानदार हसला.

"नकोच फिरायला तिने!"

दुकानदाराने पुढे केलेल्या छोट्या लॅपटॉपचा कॅमेरा लावून आईने तिला जवळ ओढलं. पडद्यावर दोघी दिसल्या. "रोज संध्याकाळी मी यातून, तू घरच्या फोनवरून, अशा भेटू," आई कुजबुजली.

वेणूने तो लॅपटॉप छातीशी धरला आणि विचारलं, "काका, आई परत येईपर्यंत याची बॅटरी टिकेल ना?"