तिसरा डबा

मुग्धाने तिसऱ्या डब्याचं लेबल पहिल्यापासून पुन्हा वाचायला घेतलं, तेव्हा तिच्या मागे औषधांसाठी चार माणसं ताटकळली होती.

“लई लो ने, बेन,” दुकानदार म्हणाला. “डॉक्टरसाहेबे लख्युं छे.”

लिहिलं होतं खरं. पण पहिला डबाही डॉक्टरांनीच लिहिला होता आणि दुसराही. पाच महिन्यांच्या यशूला दोन्ही सोसले नव्हते. बाटली संपली की तासाभरात पाय पोटाशी घेऊन किंकाळ्या, अंगभर पुरळ, शीतून रक्त. शेवटी निदान झालं की गाईच्या दुधातलं प्रथिनच त्याला चालत नाही. या तिसऱ्या पावडरीत ते प्रथिन म्हणे बारीक तोडलेलं होतं. वास कडवट, आणि किंमत अशी की दोनदा वाचावी. तिने डबा पिशवीत टाकला.

त्याच दिवशी तिच्या सासूबाई, नलिनीबाई, लग्नासाठी भावाकडे नवसारीला गेल्या. मुग्धाने बँकेतून आठ दिवसांची रजा घेतली. त्या आठ दिवसांत यशू एकदाही कळवळला नाही. पुरळ गेलं, गालांवर मांस आलं. डबा लागू पडला म्हणून मुग्धाने देवापुढे साखर ठेवली.

नलिनीबाई परत आल्या, मुग्धा बँकेत जाऊ लागली, आणि तिसऱ्या दिवशी यशूने पुन्हा घर डोक्यावर घेतलं.

“या पावडरीवर असं व्हायला नको,” डॉक्टर वजनकाट्याकडे बघत म्हणाले. वजन दीडशे ग्रॅमने उतरलं होतं. “दुसरं काही पोटात जातंय का? साध्या दुधाचे चार घोटसुद्धा पुरतात त्याला.”

मुग्धाच्या डोळ्यांसमोर सासूबाई उभ्या होत्या.

नलिनीबाईंचा डब्यांवर पहिल्यापासूनच राग. “आमचा इंद्रनील गाईच्या दुधावर वाढला. ही पावडरींची थेरं तेव्हा कुठे होती?” हे त्यांनी बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या ओळखीच्या प्रत्येक बाईला ऐकवलं होतं. तोंडाने फटकळ बाई, पण नातवाच्या जिवाशी खेळेल?

मुग्धाने खात्रीच करायची ठरवली. सकाळी निघताना ती डबा स्वयंपाकघरातल्या छोट्या काट्यावर तोलू लागली, आणि संध्याकाळी पुन्हा.

“आज किती बाटल्या झाल्या?” तिने सहज विचारल्यासारखं विचारलं.

“तीन,” नलिनीबाई मेथी निवडत म्हणाल्या. “तिन्ही फस्त.”

पावडर मात्र दोनच बाटल्यांची गेली होती. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशीही तेच. मुग्धाच्या अंगाचा तिळपापड झाला, तरी तिने तोंड मिटून ठेवलं.

बोलली ती फक्त आपल्या आईशी. सुहासिनीबाई निजामपुऱ्यात राहायच्या, मुग्धाचे बाबा गेल्यापासून दोन खोल्यांत एकट्याच.

“मला मध्ये पडायचं नाही हं,” त्या फोनवर म्हणाल्या. “पण काल मी उभ्याउभ्या डोकावले, तर तुझ्या सासूबाईंनी मला बघून पातेलं झटकन झाकलं. काय होतं कोण जाणे. तू फिकर करू नकोस. तुझी खोली आहे तशीच आहे.”

मुग्धाला रडू कोसळलं. अख्ख्या बडोद्यात आपल्या बाजूचं एक तरी माणूस आहे, असं तिला वाटलं.

रविवारी तिने इंद्रनीलपुढे कागद ठेवला. तीन दिवसांची वजनं, सकाळची आणि संध्याकाळची.

“माझी आई असं करेल?” तो म्हणाला.

“मी तोलून पाहिलंय.”

आईला विचारायची त्याची हिंमत झाली नाही आणि बायकोला अडवायचीही. “मंगळवारी सकाळी सोडतो तुम्हाला निजामपुऱ्याला,” तो एवढंच म्हणाला. मुग्धाने लगेच आईला कळवलं. आता हे घर तुटणार हे तिला दिसत होतं, आणि पोरासाठी तिला ते कबूल होतं.

सोमवारी कपडे भरायचे म्हणून ती अर्ध्या दिवसाने बँकेतून निघाली. गल्लीच्या तोंडाशी विठ्ठलाच्या देवळात भजन चाललं होतं, आणि बायकांत चक्क नलिनीबाई टाळ वाजवत बसल्या होत्या. चपलांसकट मुग्धा पायरीवर चढली.

“यशू कुठे आहे?”

“जरा शांती ठेव गं,” नलिनीबाई बाहेर येत दबक्या आवाजात म्हणाल्या. “तुझ्या आईजवळ आहे. रोज या वेळेला येतात बिचाऱ्या. म्हणतात, विहीणबाई, तुम्ही देवळात जा, तासभर मी बघते.”

मुग्धाचा जीव भांड्यात पडला. आई रोज येते आणि बोलतसुद्धा नाही! दिवसातला निदान एक तास तरी पोर धोक्याबाहेर होतं. सासूबाईंना उत्तर न देता ती घराकडे वळली.

दार नुसतं लोटलेलं होतं. सुहासिनीबाई पाठमोऱ्या बसल्या होत्या, यशू मांडीवर होता आणि बाटली त्याच्या तोंडात. ओट्यावर गाईच्या दुधाची पिशवी होती, एक कोपरा कापलेली.

“संपव रे राजा, ही शेवटचीच,” त्या लाडाने म्हणत होत्या. “आज थोडं दुखेल. उद्या तुझी आई तुला घेऊन माझ्याकडे राहायला आली, की पुन्हा कधी दुखायचं नाही.”