पहिल्याच फटक्यात

बाबांना हल्ली माझं नाव आठवत नाही. पण जुन्या व्हिडिओ गेमची कॅसेट लावायची युक्ती त्यांच्या बोटांना पाठ आहे. फुंकर मारून दाबायची आणि डावीकडे जराशी कलती केली की गेम लागतो. माझा धंदाच व्हिडिओ गेमचे कन्सोल दुरुस्त करायचा. त्यांची रोजची झटापट बघवेना, म्हणून मी कॅसेट जिथे बसते तो आतला झिजलेला कनेक्टर बदलून टाकला.

आज गेम पहिल्याच फटक्यात लागला.

बाबा दचकले. "हा आपला नाही! आपला कुठे नेलात?" कन्सोल आपटायला त्यांनी वर उचलला.

आईने त्यांचे हात घट्ट धरले. "अगं, बघत काय बसलीस? काहीतरी कर!"



मी कचऱ्यातून जुना कनेक्टर शोधून काढला आणि चांगला चालणारा कन्सोल जन्मात पहिल्यांदाच बिघडवायला बसले.