एकसष्ट टक्के
वादळामुळे दुपारी वीज गेली आणि तासाभरात इन्व्हर्टरनेही मान टाकली. सासूबाईंच्या उशाशी असलेलं ऑक्सिजनचं यंत्र बंद पडलं. सुनेने घाईघाईने राखीव सिलिंडर जोडला, पण तो जेमतेम अर्धा तास पुरणारा होता, आणि झाडं पडून रस्ता अडल्यामुळे अँब्युलन्स संध्याकाळपर्यंत येणार नव्हती. सासरे सिलिंडरच्या काट्याकडे बघत उभे राहिले. चाळीस वर्षं त्यांनी डिझेलची इंजिनं खोलून दुरुस्त केली होती, पण इथे खोलण्यासारखं काहीच नव्हतं. "बाबा, माझ्या नव्या इलेक्ट्रिक गाडीच्या बॅटरीवर घरातली यंत्रंही चालतात," सून म्हणाली. "गाडीवर घर चालवायचं म्हणतेस?" त्यांनी विचारलं. उत्तर देत न बसता तिने गाडीला लांब वायर जोडली आणि खिडकीतून आत ओढली. यंत्र गुरगुरायला लागलं. थोड्या वेळाने सासूबाईंनी डोळे उघडून चहा मागितला. चहाचा कप घेऊन सून बाहेर आली, तर सासरे गाडीत स्टिअरिंगमागे ताठ बसलेले. नजर समोरच्या आकड्यावर. "एकसष्ट टक्के आहे," ते म्हणाले. "एवढ्यात दोन दिवस सहज निघतील, बाबा. आत चला ना." "तू बस तिच्याजवळ. चालू गाडी सोडून जाता येत नाही." "अहो, गाडी बंद आहे." सासऱ्यांनी खिडकीकडे कान दिला. "तिचं यंत्र ऐकू येतंय ना," ते म्हणाले, "मग चालूच आहे."