पत्त्यातली प्रश्नचिन्हं

इन्स्टॉलेशनची पट्टी निम्म्याच्या पुढे सरकली, थांबली आणि पडद्यावर पुन्हा तीच लाल फुली आली. रक्तपेढीतल्या शलाकानं पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.

रुग्णालयाच्या रक्तपेढीचा जुना संगणक सकाळीच जळाला होता. रक्तदात्यांच्या नोंदी पेनड्राइव्हवर होत्या, पण त्या उघडायला नव्या संगणकावर डेटाबेसचं सॉफ्टवेअर बसायला हवं होतं आणि ते काही केल्या बसत नव्हतं. वरच्या मजल्यावर एका बाळंतिणीचा रक्तस्राव थांबत नव्हता. तिचा रक्तगट 'बॉम्बे', दहा हजारांत एखाद्याचाच असणारा; तिला त्याच गटाचं रक्त चालणार होतं.

"झालं का गं?" डॉक्टर चौगुलेबाईंनी दारातूनच विचारलं.

"बघते, मॅडम."

तिनं अँटिव्हायरस बंद केला, फाइल नव्यानं उतरवून घेतली. फुली हजरच. मग मात्र ती एररचा मजकूर अक्षर न् अक्षर वाचू लागली. फोल्डरच्या पत्त्यात मध्येच नुसती प्रश्नचिन्हं होती. तिथं 'रक्तपेढी' असायला हवं होतं! संगणकावरच्या खात्याला तिनंच हौसेनं हे मराठी नाव दिलं होतं, तेच पत्त्यात येत होतं आणि या सॉफ्टवेअरला ती अक्षरंच कळत नव्हती.

तिनं इंग्रजी अक्षरांत नवं खातं काढलं. या वेळी पट्टी शेवटापर्यंत गेली.

नोंदी उघडल्या. त्यांत त्या गटाचा जिल्ह्यातला एकच दाता होता, एक सुतार. डॉक्टरांनी तिथूनच फोन लावला.

"कुणाला पाहिजे रक्त?" करवतीच्या आवाजातून त्यानं ओरडून विचारलं.

"बाळंतिणीला."

करवत थांबली. "निघालोच, बाई. मुलगा की मुलगी, ते आल्यावर सांगा."