न गिळलेला घोट

आजींनी वाइनच्या बाटलीचं बूच काढलं आणि पहिला पेला दादांपुढे ठेवला. पाहुण्याचा मान.

"दादा, ही विकायची नाही हं," धाकटी बहीण म्हणाली. लग्न होऊन ती या परक्या देशात आली, तेव्हापासून द्राक्षमळ्यातल्या या शेजारच्या आजींचं घरच तिचं माहेर झालं होतं. "आजोबांनी जायच्या आधी भरलेली. एवढी एकच उरलीये. आजारपणानंतर आजींना वास येत नाही, चवही कळत नाही. कशी उतरलीये ते तुझ्याकडून ऐकायचंय त्यांना."

"अगं चिमे, मग अगदी योग्य माणसाला आणलंस!" दादा खुर्चीत सावरून बसले.

आठवडाभर आसपासच्या लहान लहान वायनरी पालथ्या घालून दादा अर्ध्या हळकुंडानं पिवळे झाले होते. पहिल्याच ठिकाणी कुणी तरी सांगितलं होतं, की खरा जाणकार गिळत नाही. तोंडात घोळवतो आणि बादलीत थुंकतो. झालं! तेव्हापासून दादांनी एक थेंब घशाखाली उतरू दिला नव्हता.

त्यांनी पेला उजेडात धरला, फिरवला, आत नाक खुपसलं. घोट घेऊन या गालातून त्या गालात घोळवला. आजी टेबलावर कोपरं टेकून त्यांच्या तोंडाकडे बघत होत्या. मग दादांची नजर बादली शोधू लागली. स्वयंपाकघरात कसली आलीये बादली! तोंड भरलेलं, विचारणार तरी कसं? ते उठले, सिंकपाशी गेले आणि पचकन थुंकले.

वळून बघतात तो आजींचा चेहरा पार उतरलेला. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या हळूच काही तरी म्हणाल्या.

"माफ करा म्हणतायत." बहिणीला दादांकडे बघवेना. "बिघडलेली पाजली म्हणून."

"छे छे! फर्स्ट क्लास आहे! अशी रीतच असते, सांग ना त्यांना!" दादांनी पेल्यातली उरलेली घटाघटा पिऊन टाकली. खरंच, इतकं चांगलं त्यांनी आठवड्यात काही चाखलं नव्हतं.

बहिणीनं सांगितलं. आपला पेला रिकामा करून पुन्हा सांगितलं. आजींनी तिचा गाल थोपटला.

"काय म्हणाल्या?"

"रीत मलाही ठाऊक आहे, म्हणाल्या. पण घरच्या टेबलावरून उठून जो थुंकतो, तो नाइलाजानंच. पाहुण्याला उगाच खोटं बोलायला लावू नकोस."

"अगं, पण..."

"दादा, आता गप्प बस."

आजींनी बाटली उचलली आणि सिंकमध्ये उलटी केली. बहिणीनं धावत जाऊन त्यांचा हात धरला, तो त्यांनी हलकेच सोडवून घेतला. दादा रिकामा पेला घेऊन नुसते उभे राहिले. धरणीनं पोटात घ्यावं असं वाटत होतं. बाटली रिकामी होत गेली तसा पिकल्या फळांचा गोड वास घरभर पसरला.

पाहुण्यांना तो वास सहन होत नसेल, म्हणून आजींनी घाईघाईनं खिडकी उघडली.