डिस्कवरची जागा

“नोड सुरू झाला,” नवरा मिशीतल्या मिशीत हसला. “आभासी चलनाचा जगभरचा हिशेब आता आपल्या डिस्कवर, तोही फुकटचं सॉफ्टवेअर टाकून.” कडेवरची लेक सावरत तिने स्क्रीन न्याहाळली. “हिचे व्हिडिओ कुठायत?” “जागा पुरेना म्हणून पुसले. दवाखान्यातल्या काचपेटीतलं बाळ किती बघायचं? आता ठणठणीत आहे ना ती?” तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. काचेबाहेरून टिपलेले ते श्वास, एवढंच आईपण तेव्हा तिच्या वाट्याला आलं होतं. “दुसरीकडे ठेवलेस?” “तू ठेवायचेस की. मला काय स्वप्न पडणार?” “आणि हा नोड बिघडला तर?” “बिघडू दे. हिशेबाची हीच प्रत हजारो लोकांकडे असते, त्यांच्याकडून पुन्हा उतरवायची.” तिने डिस्कची वायर उपटली. “वेडी झालीस? अख्खा आठवडा घालवलाय मी.” “तू घेशील परत मागून,” ती म्हणाली. “मी कुणाकडे मागू?”