गाण्याचे वेगळे पैसे

लाइनमन भिंतीवरचा इंटरनेटचा जुना डबा काढून नवा बसवत होता आणि त्याच्या तोंडाचा पट्टा सुरू होता.

"ताई, या महिन्यापासून बिलात गाण्याचे थोडे पैसे जास्त येतील. सगळ्यांनाच. ते गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांना वाटणार म्हणे. पण आता बिनधास्त! हवी तेवढी गाणी उतरवा, जगाला पाठवा. कोणी हूं की चूं करणार नाही."

ताईच्या हातातली इस्त्री शर्टावर तशीच थांबली. कापड करपल्याचा वास आला तेव्हा तिने ती उचलली.

"कोणीच नाही?"

"कायदाच झालाय ना तसा. पूर्वी पोरं लपूनछपून करायची. काही तर आत जाऊन आली." तो हसला. "एवढ्याशा गोष्टीसाठी! हेच आधी केलं असतं तर?"

ताईने मागे वळून पाहिलं. आतल्या खोलीचं दार लोटलेलं होतं. त्यामागे तिचा धाकटा भाऊ होता. त्यानेही गाणीच वाटली होती. कुठल्या दुकानात न मिळणारी, घासलेल्या तबकड्यांवरून उतरवलेली. दमडी घेतली नव्हती कोणाकडून. दीड वर्ष तुरुंगात काढून तो परत आला, तेव्हापासून कॉलेज नाही, मित्र नाहीत. घरात साधा रेडिओ लागला नव्हता.

"जरा हळू बोला," ती म्हणाली.

"झाली बघा लाइन चालू!" लाइनमनने मोबाइल जोडला आणि कोणाला न विचारता एक गाणं मोठ्याने लावलं. "कसं खणखणीत येतंय!"

"बंद करा. आधी बंद करा ते!"

गाणं थांबलं. आतून कपाट उघडल्याचा आवाज आला. लाइनमन ओशाळून वायरी गोळा करू लागला.

दार उघडलं. धाकट्याने केस विंचरले होते, शर्टाची बटणं गळ्यापर्यंत लावली होती. पायात चपला. हातात कपड्यांची पिशवी.

"अरे, हे लाइनवाले आहेत," ताई घाईघाईने म्हणाली. "गाणी पाठवायला आता परवानगी आहे. सगळ्यांना. ऐकतोयस ना?"

त्याने मान डोलावली; लहानपणी तिने समजूत घातली की डोलवायचा, तशीच. मग लाइनमनसमोर उभं राहून त्याने पिशवीचं तोंड तपासायला उघडून धरलं.

"साहेब," तो अदबीने म्हणाला, "ताईला यातलं काही माहीत नव्हतं. चला, निघू या."